टेबलाला एकच टोक

पिपलानी, भोपाळ
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप सौ. रत्नप्रभावन्सं यांच्या पायाशी सिंधूचा वाकून नमस्कार.

इकडे देवाच्या दयेने सगळी मंडळी धडधाकट आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही लिहिले होते की जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसे लागतात, आणि टेबलावर जेवावे म्हटले तर टेबल लोणच्याच्या बरण्यांनी अडले आहे. ते वाचून तुमचे बंधुराज दोन दिवस हळहळत होते (एक दिवस गुडघ्यांसाठी आणि एक दिवस लोणच्यासाठी). निर्गुडीचे तेल कोमट करून लावत जा. ती. आप्पासाहेबांचा खोकला आता थांबला असेल. त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

पत्राला उशीर झाला त्याचे कारण असे, की पाडव्याच्या जेवणाचा निकाल लागल्याशिवाय तुम्हाला लिहायचे नाही असे मी ठरवले होते. अर्धवट बातमी कळवून तुमच्या जिवाला घोर कशाला. आता निकाल लागला आहे, तेव्हा सगळे पहिल्यापासून सांगते.

तुमची भाची सुलभा आणि यांच्याच कारखान्यातला इंजिनियर जयंत मोघे यांचे एकमेकांशी बोलणे आहे, हे तुम्हाला संक्रांतीच्या पत्रात कळवलेच होते. मुलगा निर्व्यसनी आहे, सायकल स्वतः पुसतो. घराणे मूळचे ग्वाल्हेरचे. वडील अरविंदराव सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर, इथेच शिवाजी नगरात बंगलीवजा क्वार्टर. अडचण एकच होती, ती म्हणजे आई. मालतीबाई फार बोलत नाहीत, नुसत्या बघतात, आणि बघून घरी गेल्या की नकार येतो, अशी त्यांची ख्याती. जयंतासाठी आधी तीन मुली अशाच बघून झालेल्या. पाडव्याला तिघे आपल्याकडे जेवायला येणार असे ठरले, आणि त्या रात्री सुलभाने मला भांडी विसळता विसळता सांगितले, की हे जमले नाही तर ती पुन्हा कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन येणार नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. ताटली पुसून फळीवर ठेवली आणि झोपायला गेली. ती तुमच्यावर गेली आहे, म्हणून मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतून एक हिंदी मासिक आणले (ती तिथे शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे). त्यात सणासुदीला मेज कसे सजवावे याचा रंगीत लेख होता. म्हणाली, "आई, ग्वाल्हेरची माणसं आहेत. त्यांच्याकडे बारा खुर्च्यांचं टेबल आहे. त्यांना आपण पाटावर बसवणार?" मी म्हटले, पाटावर बसून तुझ्या आजीने कलेक्टरला जेवू घातले होते. ती म्हणाली, "कलेक्टर मुलगी बघायला आला नव्हता." मी मासिक उघडले.

आपल्या घरात टेबल म्हणजे यांचे रेडिओ ठेवायचे तिवईवजा जे आहे ते. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. यांनी दोन दिवस विचार केला आणि क्लबातले टेबल टेनिसचे टेबल सणापुरते मागून आणले (हे तिथे कॅरमचे चिटणीस आहेत, त्यामुळे टेनिसवाल्यांशी संबंध बरे आहेत). त्याचे दोन भाग होतात. पहिला भाग आडवा करून आत आला आणि बैठकीची खोली भरली. दुसऱ्या भागाला जागाच उरली नाही, म्हणून तो व्हरांड्यात राहिला. तासाभराने बघते तर शेजारच्या निर्मलाभाभींनी त्याच्यावर मुगाचे पापड वाळत घातलेले. म्हणाल्या, "भाभीजी, खाली पड़ी थी, और धूप भी अच्छी है।" त्यांच्याकडून चिनी मातीच्या बश्या आणि काटेचमचे उसने आणायचे असल्यामुळे पापड तिथेच राहिले.

तर अर्धे टेबल. एक बाजू भिंतीला लावलेली, म्हणजे डावीउजवीकडे दोन दोन खुर्च्या आणि भिंतीसमोर एकच टोक. हे टोक नीट लक्षात ठेवा, वन्सं, पुढचे सगळे त्याच्यामुळे झाले आहे.

मासिकात लिहिल्याप्रमाणे सगळे केले. पांढरी चादर घातली. यांच्या जुन्या धोतराचे चौकोन कापून हातरुमाल शिवले आणि ते कमळासारखे उभे राहावेत म्हणून भाताच्या पेजेत खळ दिली. खळ जरा जास्त झाली असावी, कारण कमळे उभी राहिली ती शेवटपर्यंत मिटली नाहीत. (जयंताने एक उघडायचा प्रयत्न केला, टर्र असा आवाज झाल्यावर परत जागेवर ठेवून दिले. मुलगा समंजस आहे.) मधोमध फुलदाणी हवी होती. ती नसल्यामुळे तांब्याचा लोटा घासून त्यात झेंडू आणि गुढीसाठी आणलेल्यातली उरलेली आंब्याची पाने ठेवली. सुलभा म्हणाली, "आई, हे सत्यनारायणासारखं दिसतंय." मी म्हटले, सत्यनारायणाने कुणाचे वाईट केले आहे? काटा कुठे ठेवायचा यावर मात्र आमचे लगेच एकमत झाले. मासिक म्हणते डावीकडे. ताटाची डावी बाजू चटणी-लोणच्याची, झोंबणाऱ्या गोष्टींची. टोचणारी वस्तूही तिथेच शोभते. इंग्रजांना एवढे कळत असेल असे मला वाटले नव्हते.

आता नैवेद्य. आपल्या घरची रीत तुम्हाला सांगायला नकोच, तुमच्याच आईने मला शिकवली: आधी देवाचे ताट पुरते वाढायचे, नैवेद्य दाखवायचा, मग माणसांची पाने. देवाच्या ताटात मीठ वाढायचे नाही. एरवी मी ते स्वयंपाकघरात पाटावर ठेवते. पण त्या दिवशी मनात आले, की टेबल हे जर मानाचे, तर पहिला मान देवाचा. शिवाय स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवले की देव्हाऱ्यातून देवाची दृष्टी नेमकी त्या टोकावर पडत होती. म्हणून टोकाला देवाचे ताट, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, वरणभात, सगळे भरून ठेवले. बाजूच्या चार जागी नुसती मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून ठेवली. तीन पाहुणे, चौथे हे. हिशेब बरोबर होता. पाहुणे आले की सरबत द्यायचे, नैवेद्य दाखवायचा, ताट आत न्यायचे आणि बाकीची पाने पुरी करायची. वाढायला मी आणि सुलभा.

पाहुणे वेळेवर आले. मी सरबतात वेलदोडा घालायला आत गेले. वेलदोड्याचा डबा वरच्या फळीवर होता. बाहेर येते तो अरविंदराव टोकाच्या खुर्चीवर बसलेले.

त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. साहेब माणूस, कचेरीत टोकालाच बसत असणार. शिवाय पाच ताटांत एकच भरलेले होते. कुणालाही वाटले असते की ते मानाच्या पाहुण्याचे आहे. हे समोर उभे राहून नुसते माझ्याकडे बघत होते, आणि अरविंदरावांनी पुरीचा तुकडा मोडून श्रीखंडात बुडवलेला होता.

वन्सं, त्या क्षणी मला दोन्ही डोळ्यांपुढे दोन गोष्टी दिसल्या. "उठा, ते देवाचं आहे" असे म्हणावे तर व्याही होऊ घातलेला माणूस भरल्या ताटावरून उठवल्याचा अपमान, आणि सुलभाची ती फळीवर ठेवलेली ताटली. न म्हणावे तर वर्षाच्या पहिल्या दिवशी देव उपाशी. सुलभा दारात पांढरी पडून उभी. मी सरबत तिच्या हातात दिले, आत गेले, पळीपंचपात्री आणि तुळशीचे पान घेऊन आले, आणि अरविंदरावांच्या ताटाभोवती सरळ पाणी फिरवले. भातावर तुळस ठेवली. डोळे मिटून नैवेद्य दाखवला. देवाची दृष्टी पडायची ती मध्ये त्यांच्या पाठीवर पडत होती (पाठ रुंद आहे), पण भाव पोहोचला असावा. डोळे उघडले तेव्हा अरविंदरावांनी तुकडा खाली ठेवून हात जोडलेले होते. मग आम्ही सगळ्यांनीच जोडले.

पुढे जेवणे झाली. अरविंदरावांसाठी मांडलेली बाजूची जागा रिकामीच राहिली. मालतीबाई त्या रिकाम्या ताटाकडे बघत होत्या, मग नवऱ्याच्या ताटाकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. शेवटी विचारले, "इथं आणखी कोणी यायचे होते का?" तुमचे बंधुराज म्हणाले, "हो, पण त्यांची सोय दुसरीकडे झाली." जन्मात पहिल्यांदा त्यांना वेळेवर सुचले. जाताना मालतीबाई "बरं, येतो आम्ही" एवढेच म्हणाल्या. मी दार लावले आणि आत येऊन देवाला पुन्हा वेगळे ताट वाढले, पाटावर. सुलभा त्या अर्ध्या टेबलाशी बसून खळीची कमळे एकेक करून मोडत होती.

निरोप आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सुलभाने मासिक शाळेत परत केले. शेवटी रामनवमीला देवळात जन्माच्या कीर्तनाला मालतीबाईच समोर आल्या. सुंठवड्याचा द्रोण हातात घेऊन मला बाजूला नेले. मला वाटले, झाले.

म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, यांना ब्लडप्रेशर आहे. वरचं मीठ बंद, डॉक्टरनं सक्त मनाई केली आहे. पण ताटात दिसलं की हात जातोच. कुणाकडे गेलो की मला परहेज सांगावं लागतं, आणि मग यजमानीण सगळ्यांसमोर विचारते, केव्हापासून, कितना है. तुम्ही एक शब्द न बोलता चार ताटांत मीठ वाढलंत आणि यांचं एक तेवढं सोडलंत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी म्हटले, "देवाची कृपा." आणि वन्सं, ते शब्दशः खरे होते.

"जयंतानंही सांगितलेलं नाही, मी विचारलं त्याला," त्या म्हणाल्या. "ज्या घरात न सांगता माणसाचं पथ्य कळतं, त्या घरची मुलगी मला हवी. फक्त एक झालं, तुम्ही ते पाणी फिरवलंत ना, तेव्हापासून हे रोज जेवायच्या आधी माझ्याकडे बघत बसतात."

बारा खुर्च्यांच्या टेबलाचेही मी विचारून घेतले. ते चुलत्यांचे, ग्वाल्हेरला आहे, आणि त्याच्यावर धोब्याचे कपडे ठेवतात.

तर साखरपुडा वैशाखी पौर्णिमेला, आपल्याच घरी. तुम्ही दोघांनी आठ दिवस आधी यायचे आहे. त्या जेवणाचा खर्च वहीत "देवधर्म" खाली लिहावा की "पाहुणे" खाली, हे मला अजून ठरवता आलेले नाही, तेवढे आल्यावर सांगा. बाकी एक गोष्ट मी अनुभवाने सांगते, टेबल हे आपल्या घराचे काम नव्हे. आपला पाट बरा. कुणी कुठे बसायचे याचा घोटाळा नाही आणि देव जागचा हलत नाही. लोभ आहेच, तो गुडघ्यांसारखा जपावा.

तुमची
सिंधू

ता. क. मालतीबाईंनी साखरपुड्यालाही "यांची जागा तशीच ठेवा" असे बजावले आहे. म्हणजे टोक त्यांचे झाले. पण साखरपुड्याच्या दिवशी व्याही टेबलावर आणि देव खाली पाटावर, हे माझ्याने होणार नाही. क्लबाचे टेबल सामन्यांसाठी परत गेले, आणि तसेही त्याला एकच टोक होते. तुमच्या टेबलाला दोन आहेत. आप्पासाहेबांच्या ओळखीचा ट्रकवाला दर पंधरवड्याला भोपाळला येतो असे तुम्हीच म्हणाला होतात. बरण्यांसाठी मी इथून चार पाट त्याच्याबरोबर पाठवते. लोणचे जमिनीवर बसले तरी त्याचे गुडघे दुखत नाहीत.

ता. क. दुसरा. मिठाचा भाग आप्पासाहेबांना वाचून दाखवू नये. मालतीबाईंची मावसबहीण तुमच्याच गल्लीत राहते आणि आप्पासाहेब रोज संध्याकाळी पारावर बसतात.

ता. क. तिसरा. तुमचे बंधुराज विचारत आहेत, की दोन्ही टोके गेली, बाजूच्या जागा पाहुण्यांच्या, मग मी कुठे बसू. त्यांना सांगितले की वाढायला एक माणूस लागतोच. सुलभा मागे उभी राहून हे पत्र वाचते आहे आणि हसते आहे. म्हणते, आत्याला लिही, टेबल तेवढं पाठव, पण त्याच्याबरोबरची मीठदाणी पाठवू नकोस.