असानकुलची बंदूक आणि रानबोकडाचा रस्सा

मी बुरमाकान, असानकुल शिकाऱ्याची विधवा, राहणार कारा-बुलाक. पायांतून गेले आहे, डोक्यातून नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. आजवर ती मीच करत आले. मला फक्त सही येते, म्हणून हे मृत्युपत्र मी बोलते आणि सून झैनेप लिहिते.

घर व मेंढ्या मुलगा तुर्दुबेक, झैनेपचा नवरा, यास. छप्पर गळते, तेही त्याचेच.

मोठी कढई बहीण सायराश हिला. माझ्या लग्नापासून तिचा डोळा आहे. घे बाई एकदाची.

शिकारीची सुरी झैनेपला. असानकुल या सुरीने रानबोकड पडल्या जागीच उघडत. रक्त, आतडी काढून मटण वाऱ्यावर गार करत. माजावर आलेल्या नराला हात लावत नसत, पळवून दमवलेल्यालाही नाही; अशांचे मटण उग्र लागते.

तुर्दुबेक नेमका माजावरचाच आणतो, कारण तेव्हा नर रस्त्यापर्यंत खाली येतात. वाटेत कोणी 'शिरालगा' म्हटले की शिकाऱ्याने त्याला वाटा द्यायचा, हा आमचा रिवाज. तो चुकवायला हा जनावर न उघडता जीपमध्ये ताडपत्रीखाली दडवून आणतो. घरी येईतो पोट फुगते, मटणाला घाण सुटते. बापाला शेवटचा रस्सा त्याचाच मिळाला. मी मटण ताकात भिजवले, रानकांदा घातला. काही उपयोग झाला नाही. त्यांनी एक घोट घेतला आणि भिंतीकडे तोंड केले.

"आई, हेही लिहू?"

"लिही. वाचताना लाजू दे त्याला."

असानकुलची बंदूक झैनेपला. ती शिकाऱ्याची लेक आहे, नेम चांगला आहे, आणि मटण कशाने बिघडते ते तिला कळते.

येथे झैनेपने पेन खाली ठेवले. हेही लिही.

"आई, नका ना. तुम्ही जाल. मला त्यांच्यासोबत राहायचंय."

"मग जुमाकादिर लिहील. शेजारी आहे, साक्षीला आलाच आहे."

"आजी, मला कशाला मध्ये घालता? आमचं कुरण तुर्दुबेकच्या कुरणाला लागून आहे."

बरे. बंदुकीचे वरचे वाक्य खोडून टाक. बंदूक तुर्दुबेक यास.

हे मी राजीखुशीने... नाही, तो शब्द नको. मी सांगितले, एवढेच घाल.

सही: बुरमाकान
साक्षीदार: जुमाकादिर (मेंढपाळ), अनारकान (सुईण)
कारा-बुलाक, नारीन, १९ नोव्हेंबर २००८