डोक्यावर माळवद नको

ता. २ फेब्रु., लातूर
पगार झाला, दुपारपर्यंत सरला बी. मागची उचल मेसवाल्या काकूनं आधीच कापली. राहिले ते बिलोलीला, मायच्या औषधाला. खोलीच्या डिपाझिटला ह्याही महिन्यात काय न्हाई. सुपारी फुटून वर्ष होत आलं. सुमनचे वडील, मी त्यांना मामा म्हणतो, एकच धरून बसलेत. "मेसच्या फरशीवर झोपता. पोरगी कुठं ठिवणार? आधी खोली बघा जावईबापू."

ता. ११ फेब्रु.
रविवार. संध्याकाळची मेस बंद, खोल्या बघत फिरलो. ट्यूशन क्लासच्या बाजूला विचारूच नये. एक बाई म्हणे, "विद्यार्थी हाव का?" म्हटलं न्हाई, मेसमधे चपात्या लाटतो. "मग नको." एका खोलीत चार पोरं, चौघांचं भाडं. आम्ही दोघं कुठून देणार?
तीच पोरं ताटावर बसून म्हणतेत, बालाजीदादा, आज जाड झाल्या.

ता. १९ फेब्रु.
सापडली! गावभागात, अप्पा दुकानदाराची. डिपाझिट न्हाई, भाडं झेपण्यासारखं. "पोरं भितेत तिथं," म्हणाले, किल्ली दिली.
आत गेलो तवा कळलं. माळवद. वर लाकडं, लाकडावर हातभर माती. भिंतीला भूकंपाची भेग, चुन्यानं बुजवलेली.
सुमन लहान असताना त्या भूकंपात असल्याच माळवदाखालून निघाली. तिची आजी न्हाई निघाली.
मामांना फोन केला, खोली मिळाली म्हणून. माळवदाचं बोललो न्हाई.

ता. ४ मार्च
मामा आले. काकूच्या कपबश्या मागून आणल्या होत्या. उंबऱ्यात आले, वर बघितलं, चप्पल काढलीच न्हाई. चहा अंगणात उभ्यानं.
म्हटलं, "मामा, भूकंपात बी पडली न्हाई ही."
"आमचं बी आदल्या दिवशीपर्यंत पडलं नव्हतं."
एसटीत बसताना म्हणाले, "पत्रा टाका. उन्हानं भाजली तर भाजू द्या पोरगी."

ता. ५ मार्च
अप्पा तयार. माळवद तू उतरव, पत्रे तू आण, भाड्यात वळते करू.
पत्रे कशाचे आणू? काकूकडं उचल मागितली. "परीक्षा झाली की पोरं गावाला. मेस बंद, तुझा खाडा. उचल कशावर देऊ रे?"
तिचं बी खरंच हाय. लई राग आला तरी.

ता. ११ मार्च
आज रविवार. बसवेना. टोपलं-खोरं घेतलं, वर चढलो, माती खाली लोटायला लागलो. अप्पा खालून, "आरं, पत्र्याचा पत्ता न्हाई अन् उघडं करून राहिला का?"
"हाव!"
सगळी धूळ अप्पांच्या टोपीवर. शिव्या घालत गेले.

ता. १२ मार्च
मेसच्या फोनवर सुमन. आपण होऊन पहिल्यांदाच. मामांनी अप्पांच्या दुकानी फोन लावला असणार, तिथनं कळलं तिला.
"माती किती काढली?"
"अर्धी."
"सगळी काढा."
काकू बघून राहिली होती.
"अन् पत्रे?"
बघतो म्हटलं.
दुपारी जाऊन उरलेली माती काढली, वरची लाकडं बी. खोलीत आता नुसतं ऊन. मधोमध जरा उभा राहिलो, वर बघत.