कठड्यावरून आलेली मान्यता

अप्पा, तुमचं राज्य अजून आहे. तमिळ मुलखातल्या या मेलकावेरीतली आपली गच्ची, तिच्यावरची वेताची खुर्ची आणि वाळवणाची दोरी. परदेशात काही माणसं आपल्या परसाला देश म्हणतात, मोठे देश विचारत नाहीत म्हणून एकमेकांनाच मान्यता देतात, हे तुम्ही कुठल्याशा मासिकात वाचलंत आणि त्याच संध्याकाळी गच्ची स्वतंत्र केलीत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! मी हसले, तर तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "हांसूं नको गे. राज्य लहान असलें म्हणून काय जाहलें? मान लहान नव्हे."

पण मान्यता द्यायला दुसरा देश हवा. तेव्हा शेजारच्या तमिळ मामांनी, केवळ तुमच्यावरच्या लोभापायी, त्यांचीही गच्ची स्वतंत्र केली. मधल्या कठड्यावरून तुम्ही पितळी तबकात विड्याची पानं आणि सुपारी पाठवलीत, लग्न ठरवताना देतात तशी. आपल्याकडे तबक रिकामं परत जात नाही, त्यामुळे मामांकडून मुरुक्कू, त्यांच्याकडच्या चकल्या, आले. मग आपल्याकडून लिंबं गेली. दोन्ही देशांचं सगळं परराष्ट्र धोरण म्हणजे ते एक तबक. ते ज्याच्या घरी, त्याच्यावर उत्तर बाकी. अजून डोळ्यांपुढे आहे, अम्मा स्वयंपाकघरातून ओरडते आहे, "तुमच्या राज्यापायीं माझे डबे रिकामे जाहले!" आणि तुम्ही दोघे कठड्याच्या दोन बाजूंना कॉफी पीत बसला आहात.

तुम्ही गेलात तेव्हा तबक आपल्याकडे होतं. सुतकाच्या घरातून पानसुपारी कशी पाठवायची? सुतक फिटलं, तरी माझा हात पुढे होईना. तह तुमचा होता, मी कोण? मामांशी बोलणं होई, नळाला पाणी आलं का, कोल्लिड नदीला पूर आहे का. तबकाचं नाव कुणी काढत नव्हतं. वर्षं गेली. मान्यता देणारं कुणी उरलं नाही, तर ती नुसती गच्चीच की, या विचारानं मला फार वाईट वाटायचं. तुम्ही दुसऱ्यांदा गेल्यासारखं.

यंदा पोंगलच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. कठड्यावर एक कोरं तबक आलं, पानं, सुपारी आणि वर हळदीचं ओलं रोप. मागे काठी टेकत मामा.

"मामा, ते जुनं तबक माझ्याकडेच आहे. आधी मी पाठवायला हवं होतं," मी तमिळमध्ये म्हणाले.

"ते तुझ्या अप्पाचं उत्तर होतं पोरी, त्याच्याबरोबर गेलं," मामा म्हणाले. "नवं माणूस गादीवर आलं की मान्यता जुन्या देशानं द्यायची. मी वाट बघत होतो, तू गादीवर बसलीस असं कधी दिसलंच नाही. आता माझं वय बघून घाई केली. काय म्हणू तुला, राणी?"

मला रडू आलं आणि हसूही. म्हटलं, "कारभारीण म्हणा. गादी अप्पांचीच."

आता दोन तबकं येतात-जातात. माझे डबे रिकामे होऊ लागले आहेत आणि मी अम्मासारखीच ओरडते.

हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, तेव्हा राहू दे इथेच. एक मात्र सांगते. काल ऊन उतरल्यावर कॉफी घेऊन पहिल्यांदाच तुमच्या खुर्चीत बसले. मामांनी पलीकडून पाहिलं आणि उठून नमस्कार केला. मी उठले नाही, अप्पा.