दोन मुळांचं सोयाबीन

प्रिय गाठोडं,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी दूध उतू जातंय अशी थाप मारून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच. तुझा प्रश्न साधा होता. तुझी आई बरी होऊन उपचारकेंद्रातून घरी आली की तिच्यासमोर मला काय हाक मारायची? बोलायला लागल्यापासून तू मलाच आई म्हणतेस. माझी बहीण तेव्हा स्वतःलाही ओळखत नव्हती, त्यामुळे तुला कुणी अडवलं नाही.

उत्तराआधी प्रयोगशाळेची खबरबात. सध्या माझ्या टेबलावर दोन मुळांचं सोयाबीन आहे. दोन कोवळी रोपं कलम करून जोडायची, एकाचा शेंडा छाटायचा. खोड एक, मुळं दोन, दोन वेगळ्या कुंड्यांत. एका मुळावर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात आणि तो बहुतेक युरिड नावाच्या संयुगाच्या रूपात वर चढतो. दुसऱ्या मुळाला गाठी येऊ द्यायच्या नाहीत, त्याला पाण्यातून नायट्रेट पाजायचं. त्यातलं काही तसंच वर जातं, काही मुळातच रूप बदलतं. या नायट्रेटमधला नायट्रोजन जरा जड, खुणेचा असतो, म्हणून पुढे पानात, शेंगेत कुठेही गेला तरी ओळखू येतो. खोड कापून पाझरणारा रस नळीत टिपायचा. लहानपणी तू याला रोपाचं रक्त तपासणं म्हणायचीस.

मध्यंतरी आमच्या साहेबांनी, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधावा तशा घाईत, नायट्रेट गाठींच्याच कुंड्यांत ओतलं. आयतं मिळताच गाठी ढिल्या पडल्या, रसातलं युरिड घटलं. साहेबांच्या मते सगळी खेप वाया गेली. मी उरलेल्या कुंड्यांतली वाळू धुऊन काढली, नायट्रेट बंद केलं आणि थांबले. पुढच्या रोपाच्या रसात युरिड पुन्हा चढलेलं होतं.

तू म्हणशील, आता बोधामृत येणार. नाही येणार. गाठी न रुसता पुन्हा कामाला लागल्या, कारण रुसायला मन लागतं, ते रोपाला नसतं. मला आहे. बहीण बरी झाल्याचं कळलं तेव्हा मी आनंदाने रडले, आणि भीतीनेही रडले. दोन्ही खरं आहे.

काल तिला भेटून आले. तू अजून दिवा लावूनच झोपतेस का, रागावलीस की नाक चोळतेस का, असं काय काय विचारत होती. मी सांगत होते, ती परीक्षेला बसल्यासारखी मन लावून ऐकत होती. निघताना म्हणाली की पोरीला काही शिकवू नकोस, आई तुलाच म्हणू दे, मला ताई म्हटलं तरी चालेल. एवढं बोलून ती पलंगावरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत बसली.

'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण मला कधीच पटली नाही, तीत एकीला मरावंच लागतं. आपल्याकडे दोघी जगल्या. दाणे तपासले की त्यांत दोन्ही मुळांचा नायट्रोजन सापडतो, आणि एकदा दाण्यात गेलेला कुणी परत मागत नाही. तेव्हा आई ही हाक तिला दे. मला काय म्हणायचं ते खाली लिहिलंय. लिहिताना माझा हात अडखळला. तिच्यासमोर तुझी जीभ अडखळू नये, म्हणून आधीच कळवतेय.

तुझीच,
मावशी