ताईच्या मशीनसाठी

४ मार्च

पुन्हा तेच! विणकामाच्या लायब्ररीचं — विणायच्या मशीनशी बोलणाऱ्या कोडच्या संचाचं — नवं व्हर्जन आलंय आणि लेखकमहाशयांनी पुन्हा फंक्शनांची नावं बदलली. का? त्यांच्या मनात आलं म्हणून! आणि निस्तरायचं कोणी? आमच्या लिनक्सवर ते सहज बसवता यावं म्हणून त्याचं पॅकेज बांधणाऱ्यानं — म्हणजे मी.

५ मार्च

आमच्या लिनक्सचं नवं रिलीज सांभाळणाऱ्या बाईंची मेल. "ही लायब्ररी या वेळी काढून टाकू या का? तिच्यावर एकच प्रोग्रॅम चालतो. वापरणारं कोणी दिसत नाही."

कोणी नाही म्हणे! माझी ताई आहे की. लायब्ररी गेली तर तिच्या मशीननं विणायचं काय, डोंबल?

७ मार्च

काम सोडून जुनं आठवत बसलो. आईनं ताईला घेऊन दिलेलं विणायचं मशीन मधल्या खोलीत खिडकीला टेकून असायचं. त्याची घरघर चालू आणि मी खाली फरशीवर अभ्यासाला. लोकरीचे तंतू माझ्या वह्यांत, चहात, सगळीकडे! कॉम्प्युटरवरून मशीनला नमुने पाठवता येतात हे कळलं तेव्हा ताई म्हणाली, "खटपट्या, जमव ना काहीतरी." आयुष्यातलं पहिलं पॅकेज मी त्यासाठी बांधलं. पहिली बाही विणून बाहेर आली तेव्हा दोघं अक्षरशः नाचलो होतो. आई दारात उभी राहून हसत होती.

फार चांगले दिवस होते ते. भांडायला तरी एकमेकांच्या समोर होतो. आता ती दुसऱ्या शहरात, मी इथे.

८ मार्च

आमची पद्धत ठरलेली. नवं पॅकेज चढवलं की मी ताईला फोन करतो — "अपडेट कर आणि सांग चालतंय का." दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "मस्त चाललंय रे!" मग मशीन राहतं बाजूला. तिच्या पोरांच्या परीक्षा, तिचा दुखरा खांदा, आईच्या गोष्टी. बोलता बोलता चहा गार होतो. एरवी मी आपणहून फोन करणाऱ्यातला नाही. बायको म्हणते, "त्या लायब्ररीच्या लेखकाला एक हार घाला. तो गप्प बसला असता तर तुम्ही बहीणभाऊ बोलला नसतात!" खोचक बोलते, पण खोटं नाही.

९ मार्च

बाईंना ठणकावून लिहिलं — लायब्ररी राहणार. वापरणारी व्यक्ती आहे, प्रत्येक व्हर्जन स्वतः तपासून बघते. पुढची कटकट माझ्यावर.

१० मार्च

अरे देवा.

जुना-नवा कोड शेजारी ठेवून बघत होतो. मागच्याच व्हर्जनमध्ये लेखकानं एका फंक्शनात रुंदी आणि उंचीची अदलाबदल केली होती. नाव तेच! इंटरफेस, म्हणजे फंक्शनं वापरायची रीत, बदलली की लायब्ररीवरचा त्याचा आकडा वाढवायचा, म्हणजे आम्हाला कळतं — तोही वाढवला नाही. आकडा तोच बघून ताई वापरते तो प्रोग्रॅम मी उघडूनही पाहिला नाही, तसाच राहू दिला. आज स्क्रीनवर चालवून बघितला. फुलाच्या नमुन्याचा नुसता चुथडा! गेले कित्येक महिने त्यावर एक धड ओळ विणली जाणं शक्य नव्हतं.

पण ते पॅकेज चढवल्यावर ताई तर म्हणाली होती, "मस्त! कालच एक स्वेटर काढला."

११ मार्च

फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला.

१२ मार्च

शेवटी विचारलं. ताई म्हणाली, "मशीन कधीच विकलं रे. खांदा साथ देईना. सांगणार होते, पण तू दर वेळी इतक्या हौसेनं विचारायचास..."

मला रडू फुटलं.

तीच म्हणाली, "आता फोन करणं बंद करशील का रे?"