मशीन सांगून जाणं

प्रिय ताई,

दाजींना जाऊन तीन आठवडे झाले. रोज तुझ्याकडे येतो, पाणी पितो आणि उठतो. बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितोय.

आमच्या कारखान्यात पूर्वी मशीन सांगून जायची पद्धत होती. सकाळच्या पाळीच्या माणसाने दहा मिनिटं थांबायचं, दुपारच्याला मशीनचे नखरे सांगायचे, मगच घरी जायचं. पुढे दारात फळा लागला. ज्या पाळीचा माल जास्त, तिच्या नावापुढे लाल तारा. त्या खडूच्या ताऱ्यासाठी आम्ही सकाळचे अकरा जण एक जीव झालो. मला ताप होता तेव्हा चौघांनी आळीपाळीने माझं काम ओढलं, हे तुला मीच कौतुकाने सांगितलं होतं. दुपारच्यांना मात्र कुणी काही सांगेनासं झालं. त्यांचं ते बघतील.

दोन महिन्यांपासून पत्रा दाबणारा मोठा प्रेस मधूनच आपोआप दुसऱ्यांदा खाली यायचा. आम्ही त्याला सासू म्हणायचो. आमचे मुकादम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे, "सासू गप्प झाली तरी लगेच हात घालू नकोस, तिचं एक वाक्य राहिलेलं असतं." सगळे हसायचे. आमच्यातल्या कुणाला साधं खरचटलंही नाही. तक्रार केली असती तर प्रेस दुरुस्तीला गेला असता, आणि तारा दुपारच्यांकडे.

त्या दिवशी दाजी दुपारच्या पाळीला येताना दारात भेटले. "काय मेहुणे, मशीन काय म्हणतंय?" मुकादम माझ्या मागेच होते. मी म्हटलं, "मजेत आहे." दाजी हसले, "मग आज तारा आमचा!" तासाभरात ते अडकलेला पत्रा काढायला प्रेसखाली वाकले.

मंगळवारी चौकशीला तू असशील. तिथे आमचा कागद वाचतील: प्रेसमध्ये दोष नव्हता, माणूस निष्काळजी होता. "आपल्यातलं आपल्यात राहू दे," असं मुकादम म्हणाले आणि अकरा जणांनी सह्या केल्या. तिसरी माझी आहे. त्यांचं वाचून झालं की हे पत्र पुढे कर. अक्षर कुणाचं विचारलं तर माझं नाव सांग. मला बोलावतील, मी येईनही. पण माझ्या तोंडावर विसंबू नकोस. ते दहा जण समोर असले की मी काय बोलतो, ते तू आत्ताच वाचलंस.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
धाकटा