वरची पुली

२३ एप्रिल २०१७, रविवार

पुन्हा भांडण! बोअझशी, आणि पुन्हा त्या पुलीवरून.

त्याच्या गराजमध्ये तीन पुल्या मांडून बसला होता, नवरी पसंत करायला बसल्यासारखा. खालची पुली इंजिनाची, ती ठरलेली. प्रश्न वरचीचा आहे, ब्लोअरच्या पुलीचा. वर मोठी लावली की ब्लोअर सावकाश फिरतो, इंजिनात हवा बेताने कोंबतो. लहान लावली की पिसाटासारखा फिरतो. बोअझला सगळ्यात लहान हवी.

मी म्हटलं, इंजिनाचा ब्लॉक एकोणपन्नास सालचा आहे. आधीच्या मालकाने पाणी न काढता विंटरमध्ये उभा ठेवला, तडा गेला, तो आपण पिना मारून शिवला. शिवलेल्या ब्लॉकला एवढा दाब सोसेल? फुटला तर दुसरा कुठून आणशील?

“मोठ्या पुलीवर तो आवाज येत नाही,” म्हणाला. आणि कानस चालवायला लागला. संपलं बोलणं.

२६ एप्रिल

तो आवाज. म्हणजे जुहूचा.

आम्ही दोघं सतरा-अठराचे. माझगावच्या गराजात हाताला ग्रीस. जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत्या, रविवारी. शनिवार असता तर बापाने पाऊल टाकू दिलं नसतं. कुणा साहेबाची निळी गाडी आली, ब्लोअर लावलेली. गिरणीचा पट्टा वेग घेतो तेव्हा एक सूर धरतो ना, तसा. पण किती बारीक! अंगावर काटा आला. गाडी पार टोकाला गेली तरी सूर मागे राहिला होता. येताना बसमध्ये मी तोंडाने तोच आवाज काढत होतो आणि बोअझ हसून हसून वाकला होता.

चोपन्न वर्षं झाली. इथे लंडनला येऊन चाळीस. मी अजून कुणालाही धरून तेच सांगतो. काय करणार, एवढं सुंदर नंतर काही कानावर पडलंच नाही.

३० एप्रिल, रविवार

दिवसभर गराज. अबीने चहा ठेवला आणि शेजारी गेली. केटल शिट्टी मारून मारून दमली तरी बोअझ जागचा हलला नाही, मीच धावलो. आळशी! माझी सख्खी बहीण अबी याला दिली हे चुकलंच, असं त्याला म्हटलं. तो हसला. बेसमेंटमधला स्मोक डिटेक्टर आठवडाभर चिवचिवतोय म्हणे, तेही याला सुचत नाही. बॅटरी मीच बदलली.

आमच्या दोघांच्याही आजोबांना गावात शनिवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचे, पण ज्यू म्हणून शनिवारी बंद. आम्ही दोघं अजून तेलातच, आणि शनिवारी अजून हात धुऊन बसतो. सहा विंटर या गाडीत गेले. चौतीसची फोर्ड कूपे, इंजिन तेवढं नंतरचं; आणली तेव्हा आत कोंबड्या राहून गेल्या होत्या. बोअझने मला न विचारता आणली होती. “तुझ्याशिवाय जमणार नाही,” एवढंच म्हणाला होता. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो, बायको बाथशेवा जाऊन वर्ष होत होतं. घर खायला उठायचं.

७ मे, रविवार

पार्ट्सवाल्या ग्लेनकडे गेलो. माझी बाजू घेईल म्हणून मुद्दाम. त्याने बोअझला सरळ विचारलं, “बेन, यू वाँट नॉइझ ऑर यू वाँट टु ड्राइव्ह होम?” माझं नाव त्याला चिकटवलं, पण मुद्दा बरोबर होता. बोअझ म्हणाला, “नॉइझ.”

घरी येताना गाडीत मी पुन्हा ब्लॉकचं सुरू केलं. मग तो म्हणाला, “बेनी, एकदाच. हे सगळं त्या आवाजासाठीच केलंय ना?”

हो म्हणालो. त्याची इच्छा आहे, त्याचं इंजिन आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायचा होताच!

१४ मे

लहान पुली लावली. पट्टा ताणला.

२१ मे, रविवार

सुरू झालं!!

अबी नवस बोलली होती. सकाळीच मलिदा केला — पोहे, गूळ, खोबरं, फळं — वर्कबेंचवर स्वच्छ चादर घालून ताट मांडलं. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेतलं. ताटाशेजारी स्पार्क प्लगचा डबा, तो कुणी हलवलाच नाही.

मी ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला. आधी नुसती घरघर. मग वरून तो सूर निघाला. तोच! तस्साच बारीक. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो, लाज सोडून. माझगाव, ग्रीस, बापाचा ओरडा, बाथशेवा, सगळं एकदम आलं.

वर बघितलं तर बोअझ इंजिनाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

“तोच ना?” त्याने विचारलं.

“तोच.”

“नक्की?”

“अरे, तुला कळत नाही का?” मी म्हटलं. तो मलिदा खायला गेला.

२२ मे

शिवणीवर पाण्याचा थेंब आहे. पुसला, पुन्हा आला. मी घाबरलो. म्हटलं, आता पुरे, मोठी पुली लावू, ब्लॉक वाचेल, सहा वर्षांचं काम आहे. बोअझ ऐकेना. “राहू दे तोच आवाज. होईल ते होईल.” हट्टी माणूस. रागाने निघून आलो. येताना मोठी पुली उचलून आणली, का ते माहीत नाही.

२५ मे

अबीचा फोन. बोअझला हिअरिंग एड घ्यायला नेलं होतं. “दादा, तुला सांगू नको म्हणून त्याने मला शपथ घातली होती. त्याला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. केटल नाही, फोन नाही. मशीन लावूनही येणार नाहीत म्हणाले डॉक्टर. फक्त जाड ऐकू येतात.”

मी विचारलं, कधीपासून.

“गाडी आणली त्याच्या आधीपासून.”

मोठ्या पुलीवर ब्लोअर जाड सुरात घुमतो. उद्या सकाळीच लावतो. ऐकणार नाही म्हणाला तरी लावतो.